म्हशीचा बिल्ला, दुकानाची पॉलिसी

कापडे, ता. पोलादपूर
११ डिसेंबर २००५

चि. सौ. ज्योतीस, थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आमच्या वाडीतला भागोजी काल महाडच्या बाजारातून आला. तुमच्या कापडाच्या दुकानाला नवा रंग लागलाय, नव्या फळ्या आल्यात आणि पुरात गेलेल्या मालाची विम्याची भरपाईही मिळाली, असं सांगत होता. बरं झालं. हे ‘बरं झालं’ मी तीनदा म्हणून पाहिलं, तरी मनाला पटेना, म्हणून लिहायला बसले. फोनवर भांडायचं तर बूथवाल्याचं मीटर पळतं.

मला तुझा हेवा वाटतो, सरळच सांगते. जुलैच्या एकाच पावसात तुझ्या दुकानात सावित्री नदी शिरली आणि माझ्या गोठ्यावर डोंगर आला. तुझी पॉलिसी होती, तसा माझ्या म्हशीचाही विमा होता. पण तिच्या कानातला विम्याचा पिवळा बिल्ला मी मे महिन्यातच काढला होता. कान पिकला होता, माशा बसत होत्या. बिल्ला हरवू नये म्हणून ट्रंकेत, नथीच्या डबीत ठेवला. विम्याचा माणूस आला तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात डबी उघडली. तो म्हणाला, बिल्ला कानासकट हवा, नुसत्या बिल्ल्यावरून कुठली म्हैस मेली ते कसं कळणार. तुझे भावोजी म्हणाले, म्हस मातीखाली हाय, कान कुठून आणू? तो गेला तो गेलाच.

नीलेशरावांना नमस्कार. माया कमी झालेली नाही, जरा आंबली आहे एवढंच.

तुझी ताई, सुंदरा

—

महाड
१९ डिसेंबर २००५

ती. ताईस, ज्योतीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, अगं, नथीच्या डबीत बिल्ला! मग माझीच मला लाज वाटली. पण भागोजी अर्धंच सांगतो. भरपाई निम्म्याच मालाची आली. रंग आणि फळ्या बँकेच्या कर्जातल्या आहेत, आणि ते कर्ज नव्या मालाच्या तारणावर आहे.

आणि हेवा काय तुलाच करता येतो? पाणी जिन्याच्या पायऱ्या चढत होतं तेव्हा आम्ही माळ्यावर बसलो होतो, आणि मी सारखी म्हणत होते, ताईचं बरं, ती उंचावर आहे. तुझ्याकडे काय चाललं होतं ते चार दिवसांनी कळलं.

साडी पाठवतेय. पुरातली नाही, वास घेऊन बघ.

राग ओसरला की दोन ओळी टाक. भावोजींना नमस्कार.

तुझी ज्योती

—

कापडे
१४ जानेवारी २००६

चि. ज्योतीस, अ. आ. वि. वि.

साडी मिळाली. रंग मला आवडला नाही असं लिहिणार होते, पण आवडला. तुला अशा साड्या सहज देता येतात, याचाच राग येतो. तिळगूळ सोबत आहे. गोड बोलण्याचं मात्र तुझं तू बघ.

मायेची आणि रागाचीही, ताई

—

महाड
२ ऑगस्ट २००६

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

दुकानाची पॉलिसी संपली आणि कंपनीने पुन्हा द्यायला नकार दिला. आमच्या एकट्याला नाही, नदीकडच्या सगळ्या ओळीला. आलेला साहेब वाईट नव्हता. म्हणाला, हप्ता ठरतो मागच्या पन्नास वर्षांच्या पावसावरून. आता पाऊसच तसा राहिला नाही, तर आम्ही ठरवायचं कशावरून? दर दोन-चार वर्षांनी अख्खा बाजार भरून द्यावा लागला तर कंपनीच बुडेल.

पाठोपाठ बँकेचं पत्र आलं. विमा नसलेला माल तारण धरता येत नाही, दिवाळीपर्यंत कर्ज फेडा नाहीतर दुसरं तारण आणा. मुंबईच्या व्यापाऱ्याच्या कानावर हे गेलं, आता तो रोखीशिवाय गाठोडं सोडत नाही. पॉलिसीच्या त्या एका कागदावर एवढं सगळं उभं होतं, हे मला कुठे माहीत होतं?

हे म्हणतात, दुकान बंद करून मुंबईला कुणाच्या तरी दुकानात लागतो. आता हेवा करण्यासारखं इथे काही उरलेलं नाही, तेव्हा निश्चिंत हो. हे चिडून लिहिलं, मनावर घेऊ नकोस.

तुझी ज्योती

—

कापडे
४ सप्टेंबर २००६

चि. ज्योतीस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून मला आधी बरं वाटलं. घडीभरच, पण वाटलं. देवापुढेही कबूल केलं नाही, ते तुला सांगते. मग दिवसभर हातून काम होईना.

म्हणून तुला न कळवता तुझ्या भावोजींना घेऊन तुझ्या बँकेत आले होते. बरोबर आमच्या भातशेताचा सातबारा होता. त्यातही मिरवणं होतंच, थोरलीने धाकटीचं दुकान वाचवलं असं सगळ्या बाजाराने म्हणावं! मॅनेजरने गावाचं नाव वाचलं आणि कागद परत दिला. म्हणाले, तुमचं गाव दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत आहे, या जमिनीवर आता वरचं ऑफिस कर्ज देत नाही. भावोजी म्हणाले, चार पिढ्या कसतोय साहेब, जमीन कुठं पळून जात नाय. मॅनेजरनी पुढच्या माणसाला हाक मारली.

परत जाताना तुझ्या दुकानासमोर थांबले. गिऱ्हाईक नव्हतं. तू एकच थान उलगडत होतीस आणि पुन्हा घडी घालत होतीस. मी आत आले नाही. तुझ्याकडे बघून जन्मात पहिल्यांदा मला तुझा हेवा वाटला नाही, आणि ज्योती, गोठा गेला तेव्हाही मला इतकं वाईट वाटलं नव्हतं.

नीलेशरावांना मुंबईला जाऊ देऊ नकोस. रोखीत येईल तेवढाच माल आणा, टॉवेल आणा, पोरांचे गणवेश आणा, पण दार उघडं ठेवा. आमच्या वाडीतल्या बायांना मी सांगून ठेवलंय, दिवाळीचं कापड ज्योतीकडूनच घ्यायचं, तेही रोखीने. तेवढ्याने बँकेचं भागणार नाही, ते मलाही कळतं. पण तू चांगलं लुगडं नेसून त्या गल्ल्यावर बसायचं आणि मी रस्त्यावरून बघून जळायचं, एवढं तरी आपल्याकडे राहू दे.

माया ठेव, आणि हेवा करण्याजोगी राहा.

तुझी ताई, सुंदरा