जुन्या गावाचा रस्ता

नवं गावठाण, ता. सेलू
१४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. अनुपमाला आशीर्वाद, जावईबापूंना शरणार्थ. मी आणि तुझी आई खुशाल आहोत. कापसाची पहिली वेचणी झाली.

तीन महिने फोन केला नाही, माहीत आहे. श्रावणात तू "बाबा, आता किल्ली माझ्याकडं द्या" म्हणालीस आणि मी, तुझ्या घरचं पाणी पिणार नाही, असं बोलून उठलो. एकतीस वर्षं एसटी चालवली, एका प्रवाशाला खरचटलं नाही. अशा माणसाकडे किल्ली मागतेस! निवृत्त हा शब्दसुद्धा मी नावाला कधी लावला नाही.

गाडी धरणात गेल्याचं कानावर आलंच असेल. सोमवारी वालूरहून बारसं आटोपून येत होतो. भर दुपार, लख्ख ऊन. उतारावर रस्ता सरळ पाण्यात शिरला आणि आम्हीही. पण तुझ्या बापाचं डोकं जागेवर होतं! दाराच्या नादी लागलोच नाही, पाण्याच्या रेट्यापुढं ते उघडत नसतं. गाडी तरंगत होती तेवढ्यात पट्टे सोडले, काच खाली केली, आधी तुझ्या आईला बाहेर काढलं, मग मी निघालो. मासे धरणाऱ्या गोपाळनं दोरी टाकली. म्हणाला, "काका, दुसरा कुणी असता तर दोघंबी गेले असते." तुझ्या घरचं पाणी नको म्हणणारा मी, धरणाचं मात्र पोटभर प्यालो.

काठावर लोक जमले. मी सांगितलं, फोनमधल्या नकाशानं फसवलं. तुझी आई पदर पिळत म्हणाली, "व्हय, त्या फोनचंच चुकलं. ह्यांची काय चूक न्हाई." सगळ्यांना पटलं.

अनू, फोन खिशात बंद होता.

मी घरी निघालो होतो, आपल्या जुन्या घरी. ते पाण्याखाली जाऊन पंधरा वर्षं झाली, पण त्या वेळी मला वाटलं, उतार संपला की पिंपळ, मग महादेवाचं देऊळ, मग आपलं दार. आई ओरडत होती, "अवो, तिकडं पाणी हाय!" मी तिलाच गप्प केलं. पाणी काचेला लागलं तेव्हा आठवलं की गाव बुडालंय.

श्रावणात त्या दिवशी तुझ्या गल्लीत तीनदा चुकलो तेव्हाच हे तुझ्या ध्यानात आलं होतं. म्हणून तर मला एवढा राग आला.

गाडी मेकॅनिककडं आहे, चालू होईल म्हणतो. ती तू ने. गाव नावं ठेवत होतं तरी तुला माळावर मीच शिकवली आणि पहिल्या दिवशीसुद्धा तुझ्या हातून गाडीला झटका बसला नाही. डेपोत किती जणांना सांगितलं असेल मी हे! संक्रांतीला आम्हाला न्यायला ये. मी शेजारी बसेन, रस्ता सांगणार नाही. आणि तुझ्या घरी पोचलो की आधी पाणी मागेन.

दोन्ही किल्ल्या पाकिटात घातल्या आहेत.

तुझा बाप,
लिंगराज
निवृत्त ड्रायव्हर