हैदराबादच्या फ्रिजातली देवी

लातूर, चैत्र

अव्वा, तुला शिवकांताचा शरणार्थ. तुजे गुडघे कसे हायेत? शेळी व्याली का? मी खुशाल हाय असं लिहिनार होते, पन तीन राती डोळ्याला डोळा न्हाई, तवा खोटं कामून लिहू. कारन असं की येत्या सोमवारी डॉक्टर माज्या पायातल्या गाठीत सुईनं गोवराचे जंतू सोडनार हायेत. हाव, गोवरच, लेकरास्नी हुतो तो. लोक गोवर जावा म्हनून नवस बोलतात, आमी तिकीट काढून आनायला निगालोत. (फोन कामून केला न्हाई म्हनशील. फोन तू उलटा धरतीस अन मग माज्यावरच वरडतीस. म्हनून ही चिठ्ठी मारोती कंडक्टरजवळ दिली, जळकोटात कोन बी वाचून दाखवील.)

मागच्या साली टाचंवरचा काळा तीळ कापला ते तुला ठाव हाय. तो परत आलाय, आता पोटरीत गाठ होऊन. कॅन्सर म्हनजे आमच्याकडच्या पाव्हन्यावानी, पुढच्या दारानं वाटंला लावला की मागच्या दारानं चहाला हजर. हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात एक कवळा डॉक्टर हाय, त्यानं कागदावर चित्र काढून समजावलं. हे जंतू म्हने शिकिवलेले हायेत. चांगल्या मासाला हात लावत न्हाईत, गाठीतच शिरतात, तितंच आपली पैदास वाढवतात अन गाठ आतून फोडतात. मग अंगातले शिपाई जागे हुतात अन उरलेली गाठ धरतात. मी म्हनलं, साहेब, मी चौथी नापास अन जंतू शिकलेले, आमचं पटंल का? अन शिपाई म्हनाल तर कचेरीत लई बगितले, जागा एक बी बगितला न्हाई. डॉक्टर हासला. मग म्हनला, लागू पडंलच असं न्हाई ताई, ह्या औषिदाची अजून तपासनीच चालू हाय. हे मातर त्यानं हासत सांगितलं न्हाई.

खरी मज्जा घरी आल्यावर. सासूबाईनं सगळ्या बोलन्यातलं 'गोवर' येवढंच उचललं. दाराला लिंबाचा डहाळा, फोडनी बंद, तळन बंद, म्हनल्या घरात बाया आल्यात, गोवराच्या देवी. मी म्हनलं, आत्याबाई, बाया अजून हैदराबादच्या फ्रिजात हायेत, सोमवारपातूर तरी डाळीला मोहरी घालू द्या. तर म्हनल्या, फ्रिजात ठिवल्यात? शाना हाय डॉक्टर, आईला थंडच लागतंय. अन त्याला फोन लावून इचारलं की सुईच्या आदी दहीभाताचा निवद दाखिवला तर चालंल का. त्यो बिचारा म्हनला, पेशंटनं खाल्ला तरी चालंल.

दुसऱ्या दिशी शेजारची तुळजाबाई खन-नारळ घेऊन आली, माजी वटी भरली अन पाया पडून म्हनली, आई, पोराला तलाठ्याची नोकरी लागू दे. मी म्हनलं, माय, माजाच अर्ज वर पडून हाय, तुजा कुठं घालू? तर म्हनली, देवी अशीच वाकडी बोलत असती.

त्यात सासूबाईनं मरीआईच्या दगडावर रोज एक घागर वतायचं धरलं, आई थंड राहावी म्हनून. लातुरात पानी रेल्वेनं यायलंय, गल्लीत टँकर आठ दिसाला, अन तुजे जावई टँकरवर डायवर. सगळ्या गावाला पानी वाटून घरी येतात अन माठात लोटा घालतात तर खडखडाट. म्हनले, ही गोवरानं बरी होईस्तवर आमी तहानंनं जातो. गल्लीतल्या बाया वेगळ्याच भांडायल्यात. नमस्काराला सगळ्या, पान्याला एक न्हाई.

दूधवाल्यानं तर लिंब बगितला अन येनंच सोडलं. देवी असलेल्या घरी दूध घातलं की म्हैस आटती म्हने. अक्कू सात महिन्याची, तिला वरचंच दूध. आता मी लंगडत डेरीपातूर जाते. म्हंजे देवी यायच्या आदीच उपास सुरू झालेत.

अन तुजा लेक! मोर्चाला लातूरला आल्ता, उदगीर जिल्हा करा म्हनून. ह्यांनी जेवायला बसवला अन बोलून गेले की पानी न्हाई तितं जिल्हा बी तोडता का? झालं. अण्णा ताटावरनं उठला. आता माजा नंबर दिसला की कट. जिल्हा व्हायचा तवा होईल, सरहद्द मातर आमच्या ताटावर पडली.

तर अव्वा, काळजी करायची न्हाई. अक्कूची सोय मी लावीन. गोवर काय, येतो अन जातो. तू रडू नको, लोनचं पाठव.

तुजी शिवकांता

ता.क. लोनचं बिनतिखटाचं पाठव, मला तोंड आलंय.

दुसरी ता.क. ही वाचनाऱ्यासाठी. दादा असा का ताई असा, हितं थांबा. अव्वाला सांगा, खाली निस्ती सही हाय. बाकीचं मनात वाचा.

गाठ एक न्हाई. मांडीत दोन, काखेत एक. बाकीची औषिदं झाली, आता ह्ये एक राह्यलंय. मला सुईचं भ्याव न्हाई. डॉक्टरच्या कागदात लिहिलंय की सुई दिल्यापासून सव्वा महिना तान्हं लेकरू माज्याजवळ ठिवायचं न्हाई, गोवराची लस नवव्या महिन्यात असती. अक्कूला दोन महिने कमी पडतात. सासूबाईस्नी मोतीबिंदू, अव्वाला उठाय येईना, ह्यांची टँकरवरून सुट्टी न्हाई. लेकराला ठिवायला जागा झाली न्हाई तर मी त्या कागदावर सही करनार न्हाई. तीन राती तेच चाललंय डोक्यात.

वहिनी उदगीरला हाय, तिच्या वटीत येक लेकरू हायच, दुसरं माईल. अण्णा माजा फोन घेत न्हाई, तुमचा घेईल. नंबर पाकिटाच्या मागं लिहिलाय, नाव संगप्पा. लगीच लावा, आइतवारच्या आत यायला सांगा. उचलला की पयले माजं नाव घेऊ नका. अक्कूचं घ्या.