हेमंत विसरला म्हणून

माय, काल नातीचं सामान्यज्ञानाचं पुस्तक हातात आलं आणि मला तुझा राग आला. तू जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस तुझ्याहून पांढरे झाले, तरी हा राग काही जुना होत नाही. म्हटलं, आता लिहूनच काढावा.

माझ्या लहानपणीचा उन्हाळा आहे. दाराला ओलं पोतं टांगलंय, ते घटकाभरात वाळतं. तू भिंतीला टेकून बसली आहेस, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कातरलेली तेंदूची पानं. तुझे हात बिड्या वळताहेत आणि मी सीताबर्डीच्या फुटपाथवरून आणलेल्या, मुखपृष्ठ गेलेल्या पुस्तकातून प्रश्न विचारते आहे. सगळ्यांत लांब नदी कोणती, राष्ट्रीय पक्षी कोणता. तू मान वर न करता उत्तर देतेस. सहाराचं वाळवंट आलं की दरवेळी विचारायचीस, आपल्या मे महिन्याहून जास्त तपते काय ते. सहा ऋतू तर तुझे तोंडपाठ, वसंतापासून शिशिरापर्यंत, महिन्यांसकट, एका दमात. वर म्हणायचीस की पुस्तकात सहा असतील, नागपुरात तीनच, आणि त्यातलेही दीड उन्हाळ्यानं गिळले. तुझ्यासोबत बिड्या वळणारी शेजारची मावशी हसता हसता खोकत सुटायची. खोकला तुम्हा दोघींनाही होता.

हा सगळा खटाटोप बालवाडीच्या बाईच्या जागेसाठी होता. प्रौढांच्या वर्गात तू अक्षरं शिकलीस, सातवीची परीक्षा बाहेरून दिलीस. एका संस्थेच्या बालवाडीत जागा निघाली, आणि मुलाखतीत सामान्यज्ञान विचारतात असं कोणीतरी सांगितलं. डॉक्टरांनी तुला बजावलं होतं, तंबाखूचं काम सुटलं नाही तर छाती जाईल. म्हणजे ती नोकरी म्हणजे तुझा जीवच होता, आणि ते मला त्या वयातही कळत होतं.

दीक्षाभूमीवर जाताना नेसायचीस ते पांढरं पातळ नेसून तू गेलीस, मावशीला सोबत घेऊन. भर दुपारी परत आलीस. तांब्याभर पाणी प्यायलीस, पातळ बदललंस, त्याची घडी घालून पेटीत ठेवलीस आणि सूप पुढे ओढलंस. काय झालं म्हणून मी मागे लागले, तेव्हा म्हणालीस, "सहा ऋतू इचारले. हेमंत इसरली मी."

माझा विश्वासच बसेना. इतकी चिडले की रडू फुटलं. मावशी उंबऱ्यावर बसून बाहेर रस्त्याकडे बघत होती. तू पान उचललंस आणि म्हणालीस, "म्हून सांगतो वं, पाठांतर पक्कं ठेव. तू नको इसरू."

त्यानंतर तू त्या पुस्तकाचं नाव काढलं नाहीस. मी ते एकटीच वाचत राहिले. दुसरा पावसाळा तू पुरता पाहिला नाहीस.

मी परीक्षांमागून परीक्षा दिल्या, एक उत्तर चुकलं की सगळं जातं या धास्तीनं. नोकरीचा कागद आला तेव्हा पेढे घेऊन मावशीकडे गेले. तिनं पेढा तोंडात घातलाच नाही, हातात धरून बसून राहिली. मग म्हणाली, "तुह्या मायले एकबी प्रश्न नाही इचारला वं त्याईनं. वस्ती कोनती, एवढंच इचारलं. मंग म्हणे, पोराइले दूध-खिचडी वाढा लागते, तुमच्या हातचं लोकं खातीन काय?"

गरमीमुळे मुलाखतीच्या खोलीचं दार उघडं होतं, बाहेरच्या बाकावरून मावशीला सगळं ऐकू आलं होतं. पोरीला सांगायचं नाही, असं तू तिला वाटेतच बजावलंस.

त्या माणसांची चीड आहेच, ती जायची नाही. पण तुझाही राग येतो, माय. तुला ठाऊक होतं, खरं कळलं असतं तर मी पुस्तक मिटून सूप मांडीवर घेतलं असतं. शिकून उपयोग काय, असं म्हणाले असते. म्हणून सगळं येत असताना तू स्वतःला विसराळू ठरवलंस. माझ्या मनात कितीतरी वर्षं तू सोपं उत्तर चुकलेली बाई होतीस, आणि तशीच तू मेलीस. हे मला सहन होत नाही.

हा कागद लिहून झाला की फाडणार आहे, घरात कोणाच्या हाती लागायला नको. नात दहा वर्षांची आहे, परवा तिच्या शाळेत प्रश्नमंजूषा आहे, रात्रंदिवस घोकून राहिली आहे. काल तिनं विचारलं, पणजीला नोकरी का नाही मिळाली? खरं ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, एक ऋतू विसरली ती. एवढं सोप्पं, म्हणून ती पोट धरून हसली. मी तिला हसू दिलं. थोडं मीही हसले.