दोरा कुठल्या टोकाला

तळवली,
४ ऑगस्ट २०२५

चि. सौ. सुचितास,
अ. उ. आ.

तुझा फोन महिनाभर बंद लागतोय. शेवटी तुझ्या शेजारच्या सुंदराबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, रिंग वाजली की तुझ्या सासूबाईंना डोंगर फोडताना वाजायचा तो सुरुंगाचा भोंगा वाटतो, त्या घाबरून ओरडायला लागतात, म्हणून तू फोन बंदच ठेवतेस. विमानतळासाठी गाव सोडून इतकी वर्षं झाली तरी भोंगा काही त्यांना सोडत नाही. म्हटलं, पत्र लिहावं.

आता कामाचं. आमच्या लॅबमध्ये केसांवरून ताण मोजायची पद्धत बसवतोय. ताणात वाढणारं कॉर्टिसॉल रक्तात दिवसभर वरखाली होतं, केसात मात्र ते साठत जातं. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे मुळाजवळचे दोन सेंटीमीटर हे गेले दोन महिने, त्याच्या पुढचे त्याआधीचे. चाचणीसाठी घरच्यांचे केस चालतात. डोक्याच्या मागून, अगदी त्वचेलगत, शिसपेन्सिलीएवढी जाड बट काप, मुळाकडचे सहा सेंटीमीटर ठेव आणि मुळाच्या बाजूला लाल दोरा बांध. दोरा आणि फॉइल सोबत आहे.

बाबांचा उजवा हात झटका आल्यापासून अजून उचलत नाही. मना काय झाला हाय, मी बरा हाय, असं मात्र दिवसभर चालू असतं. मला हैदराबादचं सहा महिन्यांचं ट्रेनिंग मिळतंय, ते केलं की नोकरी पक्की. तोवर बाबांना तुझ्याकडे ठेवावं का, हा प्रश्न आहे. तुला विचारलं तर तू हो म्हणणार, हे मला माहीत आहे. म्हणून तुला न विचारता तुझ्या केसांना विचारतेय असं समज.

कुंदनरावांशी बोटीवर बोलणं झालं तर माझा नमस्कार सांग. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई,
प्रिया


करंजाडे,
१२ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

केस पाठवतेय. केसांची पण चहाडी ऐकणारी बहीण मिळाली, नशीब माझं.

इकडे सगळं ठीक. सासूबाई जरा विसरतात. परवा मला ओळखलं नाही, घरात चोर शिरली म्हणून जिन्यात जाऊन सांगत होत्या. सोसायटीतली माणसं चांगली आहेत, हसण्यावारी नेतात. त्यांना एकटं ठेवता येत नाही, म्हणून अंघोळीला गेले तरी दार उघडं ठेवते. सवय झाली आता.

बाबांना माझा नमस्कार. गोळ्या वेळेवर घ्यायला लाव. धाकटीवर लोभ आहेच, त्यात घट नको.

तुझी,
सुचिता


तळवली,
९ सप्टेंबर २०२५

चि. सौ. सुचितास,
अ. उ. आ.

तुझ्या केसांचं उत्तर आलं आणि माझा जीव भांड्यात पडला. पाच-सहा महिन्यांपूर्वी ताण बराच होता. मग उतरत गेला. मुळाजवळ सगळ्यात कमी. यावरून कारण कळत नाही, आजार ठरत नाही, पण तुझी जड वेळ मागे पडली एवढं दिसतं. कुंदनराव बोटीवर गेले तेव्हा त्रास झाला असेल, आता रुळलीस. मला सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?

बाबांशी बोलले. रविवारी, २८ तारखेला त्यांना घेऊन येते. मी एक तारखेला हैदराबादला निघेन. त्यांना कपडे घालायला आणि भरवायला लागतं, बाकी त्रास नाही. जमेल ना? तुझ्या जोरावर उडी मारतेय, आशीर्वाद आहेतच.

तुझी ताई,
प्रिया


करंजाडे,
१५ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

केसांत बरं आलंय तर बरंच असणार. बाबांना आण. आतल्या खोलीतली कॉट मोकळी करून ठेवते. माझ्या बापाला मी नाही म्हणणार आहे का?

तुझ्या लॅबमध्ये माझी बट बघून सगळे हसले असतील. माझा हात मागे पोचेना, म्हणून सुंदराबाईंनी कापली, सहा सेंटीमीटर मोजून. मी सासूबाईंना धरून बसले होते, तेवढ्यात त्यांनी दोरापण बांधून टाकला, वेणीला बांधतात तसा, खालच्या टोकाला. म्हणाल्या, कापली तिकडून बट घट्ट असते, सुटते ती खालून. पोरींच्या वेण्या घालण्यात जन्म गेला त्यांचा. छान फुलसुद्धा काढलं होतं दोऱ्याचं.

आशीर्वाद असू देत, बाकी काही नको.

तुझी,
सुचिता


तळवली,
१९ सप्टेंबर २०२५

चि. सुचे,

तुझं पत्र वाचलं आणि रिपोर्ट पुन्हा काढला. दोरा असतो ते टोक मुळाचं, असं धरून आम्ही केसाचे तुकडे करतो. तुझा दोरा खालच्या टोकाला होता, म्हणजे आमचं सगळं उलटं झालं. सगळ्यात जास्त ताण मुळाजवळ आहे. अगदी आत्ताचा. तो कमी झालेला नाही, दर दोन महिन्यांनी चढत गेलाय.

केसाचा जुना भाग धुऊन धुऊन एरवी कमीच दाखवतो. तुझा जास्त आला तेव्हाच शंका यायला हवी होती. मला हवं तेच उत्तर होतं, म्हणून आली नाही. चिडलेय मी स्वतःवर.

हैदराबादला पुढच्या तुकडीत पाठवा म्हणून अर्ज दिलाय, देतील न देतील. रविवारी मी येतेच. पण समोर बसले की तू चहा टाकायला उठतेस आणि विषय बदलतेस. म्हणून आधी लिही. खरं लिही.

ताई


करंजाडे,
२४ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सासूबाई आता सारख्या घराबाहेर पळतात. दोनदा हायवेपर्यंत गेल्या. मला चावतात. यांना सांगितलं तर हे म्हणतात, आई आहे, सांभाळून घे. पोटभर कधी जेवले ते आठवत नाही.

तुझं ते रिपोर्टचं पत्र आलं तेव्हा मला आनंद झाला नाही, ताई. लाज वाटली. वाटलं, केसांत काही नाही म्हणजे मला काहीच झालेलं नाही, मीच कामचुकार, मीच नाटकं करतेय. मशीन कशाला खोटं सांगेल? मग स्वतःला दटावत राहिले. त्याच आठवड्यात सासूबाईंनी ताट उधळलं आणि मी त्यांच्यावर हात उगारला. मारलं नाही. पण त्या लहान मुलीसारखं डोकं झाकून खाली बसल्या, आणि मला म्हणाल्या, बाय, मना मारू नको. तेव्हापासून मला माझीच भीती वाटते.

बाबांना आणू नकोस. मी त्यांच्यावरही हात उगारेन.

तू ये. रविवारची वाट बघू नकोस.

तुझी,
सुचिता