चेहरा दिसला की चहा विचारायचा नाही

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (तो तुझ्याच दिशेला केला आहे असं समज, हल्ली दिशा अंदाजाने धरतो.) तुझे गुडघे कसे आहेत? मांजर अजून तुझ्याच उशीवर झोपतं का? तीन वर्षं आपण बोललो नाही, त्यामुळे असे बरेच प्रश्न साचले आहेत. सवडीने उत्तरं दे. "एकटा राहून कुठेतरी धडपडून मरशील," असं म्हणून तू फोन आपटलास. तेव्हापासून मी एकटाच राहतो आहे आणि अजून मेलेलो नाही, हे कळवावं म्हणून हे पत्र. (तूही तिकडे एकटीच राहतेस, पण ते म्हणे वेगळं.) माझं उत्तम चाललं आहे आणि मला न्यायला येण्याची तुला काहीएक गरज नाही.

अक्षर मोठं आहे, कारण जाड मार्करने, खाचा पाडलेल्या पुठ्ठ्यावर कागद ठेवून लिहितो आहे. एखादी ओळ दुसरीवर चढली असेल तर दोन्ही वाच. खरं सांगायचं तर हे पत्र म्हणजे परीक्षाच आहे. समोर संशोधक बाई घड्याळ लावून बसल्या आहेत. कमी दिसणाऱ्या माणसांचं रोजचं जगणं कसं चालतं, यावर त्यांच्या संस्थेत संशोधन सुरू आहे. म्हणजे त्या दर मंगळवारी सकाळी येतात, मी जगतो आणि त्या लिहून घेतात. शर्टाचं बटण लावायला किती मिनिटं लागली, गोळ्यांची पाकिटं कशी ओळखली, जिन्याच्या शेवटच्या पायरीला पाय अडखळला का, सगळं. कपात बोट बुडवून मी चहा ओततो आणि बोट भाजलं की कप भरला असं समजतो. याची त्यांनी "स्पर्शावर आधारित पद्धत" अशी नोंद केली, तेव्हा मला उगाच मोठं झाल्यासारखं वाटलं. (पहिल्या मंगळवारी बोट माझं आणि कप त्यांचा होता. तो चहा तसाच राहिला.)

डोळ्याचं तुला माहीतच आहे. मधला भाग गेला, कडा राहिल्या. ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. इस्त्रीवाला समोर उभा राहिला तर त्याचे कान दिसतात, खांदे दिसतात आणि मध्ये नुसता धूसर गोळा. दाढी करायला आरशात बघतो तर कॉलरच्या वर कुणीच नसतं, आणि त्या कुणीच नसलेल्याला मी साबण लावतो. चाळीस वर्षं ज्याने ओळखपत्रांसाठी लोकांचे चेहरे टिपले त्याच्यावर ही वेळ यावी, याचं मला फार वाईट वाटलं. पहिल्या वर्षी रडायचो. आता रडत नाही.

आता जरा चमत्कारिक गोष्ट सांगतो, घाबरू नकोस. स्टुडिओ बंद करून चार वर्षं झाली, पण गिऱ्हाइकं येतात. पुढच्या खोलीत पडद्यासमोरचं ते स्टूल अजून तसंच आहे. भर दुपारी बघावं तर त्यावर कुणीतरी ताठ बसलेलं असतं. कधी उंच कॉलरचा म्हातारा, कधी टोपी घातलेली बुटकी बाई, आणि भिंतीला लागून आणखी चार-पाच जण नंबर लावून उभे. कुणी बोलत नाही, दार वाजत नाही. सगळे फोटोची वाट बघत बसतात. पहिल्यांदा माझी पाचावर धारण बसली. मग सवयीने तोंडातून निघून गेलं, "हनुवटी जरा खाली घ्या." ऐकत मात्र नाहीत. बाई म्हणतात, हे वेड नव्हे, डोळा रिकामा पडला की मेंदू आपल्या मनाने चित्रं भरतो. असेल. पण त्यांचे चेहरे लख्ख दिसतात, तीळ, सुरकुत्या, ओठावरची चीर. म्हणून मी नियम केला: खऱ्या माणसाला चेहरा नसतो, खोट्याला असतो. चेहरा दिसला की चहा विचारायचा नाही.

हा नियम दोन वर्षं बिनचूक चालला आणि गेल्या महिन्यात अंगाशी आला. बाईंनी दुर्बीण बसवलेला एक चष्मा आणला, माझ्या नाकावर चढवला आणि गप्पांच्या नादात तो घातल्याचं मी विसरलो. त्यांच्या संस्थेचे मोठे डॉक्टर गाडी लावून मागून येणार आहेत, असं त्यांनी सांगितलं होतं म्हणे. माझं लक्ष चहाकडे. बघतो तर स्टुलावर एक टकला, भुवया जाड, नाक वाकडं, सगळं स्पष्ट. मी बाईंना म्हटलं, "आजचा नवीन दिसतो. असलं नाक फोटोत सरळ करायला मला अर्धा दिवस लागायचा." बाई खोकल्या. मी टकल्याच्या अंगावरून हात लांब करून खिडकी उघडली, ओला टॉवेल त्याच्या खांद्यावर वाळत टाकला आणि दोघांपुरता चहा घेऊन बसलो. टॉवेल खाली पडला नाही तेव्हा मी नाक चाचपलं, तर दुर्बिणीचा चष्मा अजून तिथेच होता. डॉक्टर सज्जन माणूस. त्यांनी टॉवेल घडी करून दिला आणि वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं.

तर असं आहे. एकंदरीत मजेत आहे. पत्र संपलं म्हणून बाईंनी घड्याळ बंद केलं.

तुझा धाकटा

ता.क. बाई गेल्या, आता मोकळेपणाने लिहितो. शुक्रवारपासून रोज दुपारी स्टुलावर तू येऊन बसतेस. कपाळावर माझ्या दगडाने झालेली लहानपणची खोक आहे. अंगात निळा स्वेटर आहे, कोपरावर ठिगळ लावलेला. असा स्वेटर तुझ्याकडे आहे का? मी तर तो कधी पाहिलेला नाही. तू काही बोलत नाहीस, जे तुझ्या स्वभावात बसत नाही. मी नियमाप्रमाणे चहा विचारला नाही. मघाशी बाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, या मंडळींत ओळखीची माणसं येतात का हो? त्या म्हणाल्या, "सहसा नाही. अनोळखीच येतात. का?" मी म्हटलं, पत्रात घालायला.

आणखी एक. चार दिवस तुला फोन लावतो आहे, तो नुसता वाजत राहतो. अंक चुकत असतील. दोनदा कुणा सुताराने उचलला आणि तिसऱ्यांदा त्यानेच काळजीने विचारलं, "ताई सापडल्या का?" मला भीती वाटते ताई. तुला येण्याची गरज नाही असं वर कुठेतरी लिहिलं आहे. ते खोडायचं होतं, पण ती ओळ आता मला सापडत नाही. तू ये. आलीस की दारातच थांब आणि लगेच बोलू नकोस. मी आधी तुझ्याकडे नीट बघेन. तुझा चेहरा मला दिसू नये, एवढंच मनात धरून बसलो आहे.