उघडे तळवे

बुधवार, दिवेलागणीला

कॅसिनोतल्या प्रेमकथेच्या त्या सिनेमावरचं माझं परीक्षण आज छापून आलं. दोनच तारे दिले. खिल्ली उडवली ती शेवटाची. पत्ते वाटणारी नायिका प्रियकराला सोडून निघते, तेव्हा एकदा टाळी वाजवते आणि दोन्ही तळवे उघडून दाखवते. ‘ही काय जादूगारीण आहे?’ असं लिहिलं. त्या वाक्यावर खूशही होतो.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरची नसरीन पेपर घेऊनच आली. ती गोव्याच्या कॅसिनोत नोकरीला होती, हे मला ठाऊक होतं. तरी तिला विचारायचं सुचलं नाही. इतकी वर्षं लिहितोय, मी कुणाला काय विचारणार!

“चाचा, टेबल सोडताना आम्हाला तसंच करावं लागायचं. हातात काही लपवलं नाय, हे कॅमेऱ्याला दाखवायला. तिनं त्याचं काहीच नेलं नाय, व्हय ना? शिनेमा बघताना मी तर तिथं लई रडले.”

मी चहा टाकला. थकलोय. उद्या पुन्हा दुसरा सिनेमा, पुन्हा तारे वाटायचे.

चहा पिऊन ती निघाली. दारात थांबून, सवयीनं की मुद्दाम कोण जाणे, तिनं टाळी वाजवली आणि तळवे उघडले.

थिएटरात याच जागी मी मोठ्यानं हसलो होतो.