गोदूला वाचून दाखवलेलं

प्रिय दर्शू,

तुला तुझ्या आजीचा आशीर्वाद आणि जय भीम. पाकीट बघून दचकू नको. मी ठणठणीत आहे. डावा गुडघा कुरकुरतो, पण तो तुझ्या जन्माच्या आधीपासून कुरकुरतोय. दुसरीपर्यंत शिकलेली बाई किती नीट लिहिणार? ओळी उताराला लागल्या तर आपला डोंगरच तसा आहे, असं समज.

आधी आनंदाचं सांगते. परवा पोलादपूरच्या स्टँडवर कंडक्टर म्हणाला, "आजी, मोबाइलवर बातम्या देते ती तुमची नात ना? दहा लाख लोक बघतात तिला." म्हटलं, "बघतात तर! लहानपणी नाक पुसायला मात्र मी एकटीच होते." अख्खी गाडी हसली आणि मला पुढची जागा मिळाली. दहा लाख म्हणजे किती ते मला कळत नाही गो. आपल्या वाडीत माणसं तीस, तीही सगळी कधी एका जागी बसत नाहीत. पण उतरेपर्यंत माझी मान ताठ होती.

महाडला डोळे दाखवायला गेले होते, तेव्हा कोर्टासमोर तुझे काशीराम सर भेटले. त्यांच्या साप्ताहिकातच तू पहिल्यांदा लिहिलंस ना? म्हातारा काठीला मोबाइल लावून एकटाच बोलत उभा. मला वाटलं, डोकं फिरलं की काय. मला बघून म्हणाले, "आवडीबाई, छपाई बंद केली. पेपर निघणार गुरुवारी आणि बातमी सोमवारीच शिळी झालेली. आता तासाभरात फोनवर टाकली नाही, तर लोक दुसऱ्याची बघतात." एकच गोष्ट तीनदा बोलले, तीनदा चुकले. म्हणाले, "चाळीस वर्षं मान खाली घालून लिहिलं, आता वर बघून हसायचं कसं?" मी त्यांना तुझं उदाहरण दिलं. म्हटलं, "आमची दर्शू कशी धडाधडा बोलते, शिका जरा." ते म्हणाले, "ती लिहायचीही छान." मग आम्ही दोघं उगाचच चवदार तळ्याकडे बघत बसलो.

तुझी ती पहिली बातमी माझ्या ट्रंकेत आहे. आपल्या ओढ्यावर साकव नाही, पोरांना खांद्यावर बसवून शाळेत न्यावं लागतं, ती. त्यात छापलं होतं, 'असे ग्रामस्थ गोदूबाई यांनी सांगितले.' तू शाळेत होतीस तेव्हा तुझी आई एमआयडीसीत पहिल्या पाळीला जायची, माझे पाय तेव्हाही असलेच, म्हणून शेजारची गोदूच तुला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडायची. एक अक्षर येत नव्हतं तिला, पण 'गोदूबाई' कुठल्या ओळीत आहे ते बोट ठेवून दाखवायची. स्वतःची प्रत तिनं पानाच्या चंचीत ठेवली होती. सुपारी काढताना कागद आधी बाहेर यायचा. मी चिडवायची, "गोदे, सुपारीपेक्षा बातमीच जास्त चघळतेस गो!" ती म्हणायची, "तुझं नाव हाय का पेपरात? नाय ना? मग गप."

आता कागद नाही, मोबाइल. वाडीत रेंज येते ती फक्त पाण्याच्या टाकीजवळ, तुला माहीतच आहे. चार वाजले की आम्ही दोघी तिथं जाऊन बसायचो. तू बोलायचीस, गोदू पदर सावरून बसायची, जसं काही तूच तिला बघतेस. बातमी संपली की मी खाली लिहायची. हायवेच्या बातमीखाली लिहिलं होतं, 'दर्शू, वाल चांगले आलेत, जेवलीस का.' कोण कुठली माणसं लिहायला लागली, 'आजी, आम्हालाही वाल पाठवा.' आणि तुझ्याकडून लगेच लाल बदाम यायचा, आणि उत्तर, 'धन्यवाद! असंच प्रेम राहू द्या.' मला वाटायचं, बघ, एवढ्या गडबडीतही पोरगी आजीला विसरत नाही. गोदू विचारायची, "माझं नाव हाय का गो त्यात?" मी म्हणायची, "आहे तर. लिहिलंय, गोदूमावशीला नमस्कार सांग, तब्येतीला जपायला सांग." रोज काहीतरी नवीन वाचून दाखवायची मी. ती ऐकून घरी जायची आणि तीच गोष्ट शेळीला सांगायची.

दिवाळीनंतर पोलादपूरला ललिताकडे ब्लाउज टाकायला गेले होते. ती आता शिवलेले नमुने मोबाइलवर दाखवते, पुण्याहून गिऱ्हाइकं विचारतात. मी बसले होते तेव्हा तिचा फोन सारखा वाजत होता. ती मशीनवर, हात कापडात, आणि फोन आपला आपणच उत्तरं देतोय, 'आपण संपर्क केल्याबद्दल आभारी आहोत.' मी तर तोंडावर पदरच घेतला. ललिता म्हणाली, "आजी, उत्तरं देत बसले तर शिवू कधी? एकदा लिहून ठेवलंय, तेच तो सगळ्यांना पाठवतो." मी हळूच तुझं विचारलं. ती म्हणाली, "दर्शूताई दहा लाखांना कशी पुरी पडेल? तिच्याकडे पण असंच, नाहीतर त्यासाठी ऑफिसात माणूस ठेवलेला असणार." मला राग नाही आला गो. खरंच नाही. फक्त घरी येईपर्यंत ब्लाउजचं माप कुणाला दिलं, तेच आठवेना. गोदूला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी टाकीवर नेहमीसारखंच वाचून दाखवलं.

आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. मागल्या बुधवारी गोदू गेली. सकाळी शेळी सोडायला उठलीच नाही. तुझा बाप म्हणाला, मी कळवतो तिला. मी म्हटलं, नको, पोर माझी आणि गोदूची आहे, बातमी मी देणार. दोनदा फोन केला, 'मीटिंगमध्ये आहे' असा मेसेज आला. मग टाकीवर एकटीच जाऊन तुझ्या बातमीखाली लिहिलं, 'दर्शू, आपली गोदू गेली.' लगेच लाल बदाम आला. आणि उत्तर, 'धन्यवाद! असंच प्रेम राहू द्या.' तू लिहिलं नाहीस, हे मला ठाऊक आहे. म्हणून हा कागद. कागदाला तरी तुझाच हात लागेल. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी विहारात तिचं पुण्यानुमोदन आहे. तुला सुट्टी नसेल तर ये म्हणत नाही. पण तिच्या नावानं दोन ओळी लिही, मोबाइलवर नको, तुझ्या हातानं, आणि लगेच पोस्टात टाक. वंदना झाली की उभी राहून मी जमलेल्या सगळ्यांना त्या वाचून दाखवीन. चंचीतला कागद मी काढून ठेवलाय, त्याच्याशेजारी तुझा ठेवीन. इतके दिवस तिला कोऱ्यावरचं वाचून दाखवलं, दर्शू. यावेळी तरी लिहिलेलं वाचू दे.

तुझीच,
आवडी आजी